पाच वर्षांवरील मुलांचा न्यूमोनिया : नोंदीबाहेर राहिलेला प्रश्न

जून महिन्याच्या मध्यास राज्यातील शाळा उघडतात आणि त्याच सुमारास सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या कर्जत व खालापूर या तालुक्यांत पाऊस जम धरू लागतो. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या या भागात पुढील तीन महिने ओल हटत नाही. कपडे वाळत नाहीत, चुलीतील लाकडे धुमसत राहतात, आणि वाड्यावस्त्यांवर तसेच आश्रमशाळांच्या निवासी खोल्यांत खोकल्याचे आवाज ऐकू येऊ लागतात. यांपैकी बहुसंख्य खोकले आठवडाभरात आपोआप बरे होतात. काही मात्र छातीत उतरतात. तान्ह्या बाळाला असा खोकला झाला तर घरची माणसे, अंगणवाडी सेविका आणि आशा स्वयंसेविका अशा सर्वांचेच लक्ष तिकडे जाते. आठ, बारा किंवा सोळा वर्षांच्या मुलाकडे ते तितक्या तत्परतेने जात नाही. ‘मोठा झाला आहे, काढील दोन दिवस’ असे म्हणून वेळ दवडला जातो, आणि रुग्णालयाच्या दारात पोहोचेपर्यंत अनेकदा आजाराने पुढची पायरी गाठलेली असते.

श्वसनमार्गाच्या संसर्गाने होणारे बालमृत्यू म्हटले की जगभर पाच वर्षांखालील बालकांचाच विचार होतो, आणि त्यास कारणही तसेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली न्यूमोनियामुळे या वयाची सुमारे ७ लाख ४० हजार बालके दगावली. पाच वर्षांखालील एकूण बालमृत्यूंत हे प्रमाण १४ टक्के होते. त्यामुळे लसीकरण, पोषण, प्रशिक्षण व औषधांचा पुरवठा या सर्व योजना याच वयोगटाभोवती उभ्या राहिल्या आणि त्यांचे फळही दिसून आले. परंतु पाचवा वाढदिवस झाला म्हणून धोका संपत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ साली पाच वर्षांखालील सुमारे ४८ लाख बालके मृत्यू पावली. त्याच वर्षी ५ ते २४ वर्षे वयाच्या सुमारे २१ लाख मुला-तरुणांनीही प्राण गमावले. या दुसऱ्या संख्येत अपघात, बुडून मृत्यू, सर्पदंश व आत्महत्या यांचा वाटा मोठा आहे. पण त्यात क्षयरोग आणि फुप्फुसाचे इतर संसर्ग यांनी मृत्यू पावलेली मुलेही आहेत, आणि त्यांतील पुष्कळ मृत्यू टाळता येण्याजोगे होते.

सुरक्षित वयातील धोका

पाच ते चौदा हा मानवी आयुष्यातील सर्वांत सुरक्षित काळ मानला जातो. तान्ह्या बाळाच्या श्वासनलिका अरुंद असतात व त्याला जोराने खोकून कफ बाहेर टाकता येत नाही. शाळकरी मुलाला ते साधते. त्याच्या शरीराने तोपर्यंत अनेक जंतूंशी सामना करून प्रतिकारशक्ती मिळविलेली असते. म्हणूनच या वयात न्यूमोनिया होण्याचे प्रमाण कमी असते. प्रमाण कमी असल्यामुळे ती शक्यता कोणाच्या ध्यानी येत नाही, येथेच खरी अडचण आहे.

मोठ्या मुलाचे शरीर आजार बराच काळ सहन करते. ताप असूनही ते चालते, बोलते, कसे वाटते असे विचारल्यावर ‘बरे आहे’ असे सांगते. दुकानातून आणलेल्या गोळ्यांनी ताप उतरला की खेळावयासही जाते. फुप्फुसाचा मोठा भाग निकामी होईपर्यंत हे असेच चालू शकते, आणि त्यानंतर होणारी घसरण फार जलद असते. त्याचप्रमाणे रुग्णालयात येणाऱ्या मोठ्या मुलांत न्यूमोनियाच्या मागे दुसरा एखादा आजार दडलेला असण्याची शक्यता अधिक असते. सधन देशांत गंभीर न्यूमोनियाने दाखल होणारे किशोरवयीन मूल बहुधा आधीपासूनच स्नायूंच्या, मेंदूच्या अथवा रक्ताच्या दुर्धर व्याधीने ग्रासलेले असते. आफ्रिकेच्या दक्षिण भागात एचआयव्हीचा संसर्ग हे मोठे कारण ठरले. आपल्याकडे अशा वेळी क्षयरोग, तीव्र रक्तक्षय, संधिवाताच्या तापाने दुबळे झालेले हृदय आणि आदिवासी भागांत सिकलसेल हे आजार तपासून पाहावे लागतात. सिकलसेलच्या रुग्णात तर छातीचा संसर्ग काही तासांत प्राणघातक ठरू शकतो.

यांपैकी क्षयरोगाविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. पाच ते दहा या वयात क्षयाचे जंतू शरीरात शिरले तरी रोग बळावण्याचा धोका तुलनेने कमी असतो. दहाव्या वर्षानंतर मात्र तो पुन्हा वाढतो, आणि मुलींमध्ये ही वाढ विशेष जाणवते. लहान बालकाच्या क्षयाहून किशोरवयातील क्षय वेगळा असतो. तो प्रौढांप्रमाणे फुप्फुसात पोकळी करतो, थुंकीतून पसरतो आणि त्यामुळे वर्गातील व वसतिगृहातील इतरांनाही धोका उत्पन्न करतो. अशक्त होत चाललेली, वारंवार ‘न्यूमोनिया’ होणारी, दोन आठवड्यांहून अधिक खोकणारी मुलगी ही अभ्यासात मागे पडली म्हणून शिक्षकांच्या बोलण्याचा विषय होते, तपासणीचा होत नाही. राष्ट्रीय क्षयरोग दूरीकरण कार्यक्रमाखाली निदान व औषधोपचार विनामूल्य आहेत. २०१८ पासून रुग्णास पोषणासाठी दरमहा ५०० रुपये मिळत होते. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये करण्यात आली आहे. रुग्णाच्या घरातील इतरांना प्रतिबंधक औषध देण्याची सोयही आहे. उणीव राहते ती संशय घेण्यात.

लसींचा विचार करतानाही मोठ्या मुलांचे स्थान ध्यानात घ्यावे लागते. न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या प्रमुख जिवाणूविरुद्धची लस महाराष्ट्राच्या नियमित लसीकरणात २०२१ साली समाविष्ट झाली. त्यापूर्वी जन्मलेली मुले, म्हणजे आज प्राथमिक व माध्यमिक शाळांत बसलेली बहुतेक मुले, सरकारी लसीकरणातून या संरक्षणास पात्र ठरलेली नाहीत. घटसर्पाचे रुग्ण अलीकडच्या काळात प्रामुख्याने पाच वर्षांवरील मुलांत आढळतात. याचे कारण असे की बालपणीच्या लसीचा प्रभाव हळूहळू ओसरतो आणि शाळेच्या वयातील वर्धक मात्रा चुकतात. दहाव्या आणि सोळाव्या वर्षी द्यावयाची धनुर्वात-घटसर्पाची लस ही त्यासाठीच आहे. ती ‘धनुर्वाताचे इंजेक्शन’ म्हणून ओळखली जाते आणि त्यामुळे तिचे निम्मे महत्त्व नजरेआड होते.

पुणे व पाचगणी, २००९

मोठ्या मुलांतील श्वसनसंसर्गाने महाराष्ट्राला एकदा खडबडून जागे केले होते. जागतिक आरोग्य संघटनेने ११ जून २००९ रोजी स्वाइन फ्लूची जागतिक साथ जाहीर केली. या रोगाने भारतात झालेला पहिला मृत्यू पुण्यातील होता. ३ ऑगस्ट २००९ रोजी चौदा वर्षांच्या एका शाळकरी मुलीचा रुग्णालयात अंत झाला. आजाराची सुरुवात ताप व घसादुखी अशा अगदी सामान्य लक्षणांनी झाली होती. त्यानंतरच्या दिवसांत पुण्यातील तपासणी केंद्रांसमोर लागलेल्या रांगा, बंद झालेल्या शाळा व रुमाल बांधलेले चेहरे अनेकांच्या स्मरणात असतील. नेहमीच्या फ्लूचे बळी प्रामुख्याने तान्ही बालके व वृद्ध असतात. नव्या विषाणूची साथ हा नियम पाळत नाही, आणि १९१८ च्या साथीतही मृत्यूचा मोठा घाव तरुण वयावर पडला होता.

त्याच वर्षी जून-जुलै महिन्यांत पाचगणी येथील एका निवासी शाळेत ही साथ शिरली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने तिचा अभ्यास केला. थोड्याच दिवसांत दोन-तृतीयांशाहून अधिक विद्यार्थी फ्लूसदृश आजाराने अंथरुणास खिळल्याचे त्यात दिसून आले. एका छपराखाली झोपणारी, एकाच पंगतीत जेवणारी मुले असली की विषाणूला प्रवास फार करावा लागत नाही.

पाचगणीची शाळा आणि डोंगराळ तालुक्यातील आश्रमशाळा यांत साधनांचे अंतर मोठे आहे. निवासाची रीत मात्र सारखीच आहे. राज्यात सुमारे पाचशे शासकीय व त्याहून काही अधिक अनुदानित आश्रमशाळा आहेत. कर्जत व खालापूर तालुक्यांतील शासकीय आश्रमशाळा पेण येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाच्या अखत्यारीत येतात. तेथे ठाकूर व कातकरी समाजाची मुले शिकतात. वर्ष सुरू होते तेच पावसाळ्याच्या तोंडावर, आणि महाराष्ट्रात फ्लूचा जोरही जुलै ते सप्टेंबर याच काळात असतो. उन्हाळ्यात वीटभट्टीवर अथवा कोळशाच्या भट्टीवर आईवडिलांबरोबर राहून, धूर व धूळ छातीत घेऊन परतलेली मुले एका सभागृहात शेजारी शेजारी निजतात. दिवाळीनंतर मुकादमाकडून उचल घेऊन गाव सोडणारी कुटुंबे पावसाळ्याच्या तोंडावर परततात. त्या सहा-सात महिन्यांत मुलाला झालेल्या आजारांची माहिती शाळेत कोणालाच नसते.

राज्यातील आश्रमशाळांत होणाऱ्या विद्यार्थ्यांच्या मृत्यूंचा अभ्यास करण्यासाठी आरोग्य सेवेचे माजी महासंचालक डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली होती. २०१६ मध्ये तिचे निष्कर्ष पुढे आले. पंधरा वर्षांत एक हजाराहून अधिक विद्यार्थी दगावल्याचे त्यातून समजले. त्याहूनही विचार करावयास लावणारी बाब अशी की, कितीतरी मृत्यूंच्या पुढे कारण ‘अज्ञात’ अथवा ‘आकस्मिक’ एवढेच लिहिलेले होते. कारणच ठाऊक नसेल तर त्यांतील किती मृत्यू न्यूमोनियाचे, किती सर्पदंशाचे व किती हिवतापाचे, हे कोण कसे सांगणार?

वाडीपासून खाटेपर्यंत

खालापूर तालुक्याच्या मधून मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग जातो आणि कर्जत हे मध्य रेल्वेवरील मोठे स्थानक आहे. नकाशा पाहणाऱ्यास हा भाग अगदी सोयीचा वाटेल. प्रत्यक्षात महामार्गावरून डोंगराकडे नजर टाकली तर दिसणाऱ्या अनेक वाड्यांपर्यंत गाडी जात नाही. इरशाळगडाच्या पायथ्याशी असलेली इरशाळवाडी ही त्यांपैकीच एक होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री तेथे दरड कोसळली तेव्हा मदतपथकांना भर पावसात निसरडी पायवाट चढून जावे लागले, यंत्रसामग्री वर नेता आली नाही, आणि ही वाट किती अवघड आहे हे साऱ्या राज्याने पाहिले. धाप लागलेल्या मुलाला अशाच वाटांनी झोळीत घालून खाली आणावे लागते.

खाली आल्यावर प्रवास संपत नाही. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, चौक किंवा कशेळे येथील ग्रामीण रुग्णालय अथवा कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय, तेथून पनवेल वा अलिबाग, आणि गरज भासल्यास मुंबई अशी ही साखळी आहे. कर्जत-नेरळ भागातील पुष्कळ कुटुंबे रेल्वेच्या सोयीमुळे उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयाकडे वळतात. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका उपलब्ध आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार विनामूल्य झाले आहेत. तथापि बुडणारी मजुरी, सोबतच्या माणसाचे जेवण आणि परतीचे भाडे हा खर्च कुटुंबाच्याच माथी राहतो, आणि ‘उद्या पाहू’ हा निर्णय बहुधा त्यापोटी घेतला जातो. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीकडे असणारा अबंधित निधी आजारी माणसाच्या तातडीच्या वाहतुकीसाठी वापरता येतो. पंचायत सदस्यांनी पावसाळ्यापूर्वीच्या बैठकीत हा विषय घेऊन, कोणाचे वाहन केव्हा बोलवावयाचे हे ठरवून ठेवल्यास रात्री-अपरात्री होणारी धावाधाव पुष्कळ कमी होईल.

साखळीच्या प्रत्येक टप्प्यावर प्राणवायू मिळणे ही अत्यंत महत्त्वाची गोष्ट होय. न्यूमोनियाचा रुग्ण दगावतो तो बहुतेक वेळा रक्तातील प्राणवायू घटल्यामुळे. प्रतिजैविकाचा परिणाम दिसण्यास एक-दोन दिवस लागतात आणि तेवढा काळ रुग्णास तग धरावयास लावणे हे प्राणवायूचे कार्य आहे. बोटाला लावावयाचा प्राणवायूमापक पूर्वी मोठ्या रुग्णालयांतच दिसे. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम राबविताना तो घरोघरी फिरणाऱ्या पथकांच्या हाती आला. आश्रमशाळेच्या अधीक्षकाकडे असा एक चालू स्थितीतील मापक व जादा बॅटऱ्या असणे ही काही मोठी मागणी नाही. त्यावर ९० च्या खाली आकडा दिसला तर ती निकडीची स्थिती समजावी. ९४ च्या खाली दिसला तरी मुलाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

श्वास मोजण्याची रीत

यंत्र नसले तरी श्वास मोजता येतो, आणि या बाबतीत महाराष्ट्राने जगाला धडा घालून दिला आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८८ पासून काही गावांतील आरोग्यसेवक व दाया यांना श्वास मोजून न्यूमोनिया ओळखण्यास आणि गावातच औषध देण्यास शिकविले. त्या गावांत पाच वर्षांखालील बालकांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू हजारी ८.१ इतके आढळले. तुलनेसाठी निवडलेल्या इतर गावांत ते १७.५ होते. हा अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. ज्यांना आकडे मोजता येत नाहीत अशा दायांसाठी मणी व वाळूचे घड्याळ यांचा उपयोग करून एक श्वासमापकही बंग दांपत्याने तयार केला होता. पुढे जगभर गावपातळीवर न्यूमोनियाचा उपचार करण्याची जी पद्धत रूढ झाली, तिला या प्रयोगाने मोठा आधार दिला.

ही पद्धत शिकलेल्या कार्यकर्तीच्या मनात दोन आकडे पक्के बसलेले असतात. दोन महिने ते एक वर्षापर्यंतच्या बाळाने मिनिटाला ५० किंवा त्याहून अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या बालकाने ४० किंवा अधिक श्वास घेतले तर न्यूमोनिया समजावा. हे आकडे अगदी बरोबर आहेत. मात्र वय वाढते तसा श्वासाचा नैसर्गिक वेग कमी होतो. पाच ते बारा वर्षांच्या मुलात मिनिटाला ३० श्वास हीच धोक्याची मर्यादा मानली जाते. तेरा वर्षांनंतर २० श्वास झाले तरी तो जलद समजतात आणि ३० ही गंभीर स्थिती होय. नऊ वर्षांचा मुलगा मिनिटाला ३४ श्वास घेत असेल आणि मोजणाऱ्या व्यक्तीला फक्त ४० हाच आकडा ठाऊक असेल, तर ‘न्यूमोनिया नाही’ असे सांगून त्याला घरी पाठविले जाईल. यात मोजणीची चूक नाही, कामचुकारपणाही नाही. शिकविलेला आकडाच त्या मुलाच्या वयाचा नव्हता.

म्हणून शाळा व आश्रमशाळांतील शिक्षकांनी हे आकडे भिंतीवर लावून ठेवावेत. मूल शांत बसलेले असताना, पळून आल्यावर लगेच नव्हे, पूर्ण एक मिनिट छातीकडे पाहून श्वास मोजावेत. एक वाक्य सलग बोलता न येणे, श्वासागणिक बरगड्यांमधील वा गळ्याखालील भाग आत ओढला जाणे, नाकपुड्या फुलणे, ओठ निळसर दिसणे, पाणीही न पिणे, गुंगीत जाणे यांपैकी काहीही आढळल्यास सकाळची वाट न पाहता वाहन बोलवावे. एकदा उतरलेला ताप दोन-तीन दिवसांनी पुन्हा चढणे हे लक्षण विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. फ्लू किंवा गोवर यांनंतर फुप्फुसात दुसऱ्या जंतूंचा शिरकाव झाल्याची ती खूण असते, आणि हे दुखणे पहिल्याहून फार अवघड असते. काही न्यूमोनिया मायकोप्लाझ्मा या जंतूमुळे होतात व ते शाळकरी वयातच अधिक दिसतात. ते सहसा सौम्य असले तरी पेनिसिलिनच्या जातीच्या औषधांना दाद देत नाहीत. सबब दुकानातून आणलेल्या कॅप्सूल दोन दिवस देऊन ‘गुण नाही’ म्हणत बसण्यात अर्थ नसतो.

मृत्यूची नोंद

हे सर्व करूनही काही मृत्यू होतीलच. त्यांची नोंद कशी होते हा प्रश्न कार्यालयीन स्वरूपाचा वाटला तरी पुढील मुलांचे भवितव्य त्यावर अवलंबून आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ प्रमाणे मृत्यूची नोंद तो जेथे घडला तेथे होते. कर्जत तालुक्यातील वाडीवरचे मूल उल्हासनगरच्या किंवा मुंबईच्या रुग्णालयात दगावले, तर ते तेथील महानगरपालिकेच्या नोंदवहीत जाते. त्याच्या गावच्या नोंदवहीत त्या वर्षी काहीच घडलेले नसते. गाव ग्रामसभेत आपल्या मुलांच्या आरोग्याचा आढावा घेऊ लागले तर कागदावर सारे आलबेल दिसते. शोक मात्र त्याच गावात असतो.

पाच वर्षांखालील बालकाचा मृत्यू झाल्यास तो का झाला याचे अन्वेषण करण्याची पद्धत आहे. केंद्र शासनाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत ही मर्यादा ५९ महिन्यांची आहे. मातामृत्यूचेही अन्वेषण होते. सहा वर्षांचा मुलगा अथवा पंधरा वर्षांची मुलगी मात्र या दोन्ही पद्धतींच्या मधल्या जागेत सापडते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची शाळांतून तपासणी करतात. ती जिवंत मुलांची तपासणी होय. गेलेल्या मुलाचे दुखणे कोणत्या दिवशी सुरू झाले, प्रथम कोणाकडे नेले, वाहन किती वेळाने मिळाले, प्राणवायू कोठे मिळाला, हे विचारावयास कोणी घरी जात नाही. तालुका आरोग्य अधिकारी, मुख्याध्यापक आणि सरपंच यांनी एकत्र बसून अशा प्रत्येक मृत्यूबाबत हे चार प्रश्न विचारण्यास कोणत्याही आदेशाची आडकाठी नाही.

देशात २०२० साली नोंदविल्या गेलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झालेले होते. जेथे प्रमाणपत्र मिळते तेथेही ‘हृदय व श्वसनक्रिया बंद पडल्याने मृत्यू’ असे लिहिण्याची सवय मोठी आहे. प्रत्येक मनुष्याचा अंत हृदय व श्वास थांबूनच होतो, तेव्हा या वाक्याने काहीच कळत नाही. रुग्णालयीन मृत्यूसाठी असलेल्या नमुना ४ मध्ये तात्कालिक कारण व त्यामागील मूळ कारण यांसाठी स्वतंत्र ओळी आहेत, आणि मृत्यूची केवळ रीत लिहू नये अशी सूचनाही आहे. पहिल्या ओळीत न्यूमोनिया, दुसरीत फ्लू, गोवर अथवा फुप्फुसाचा क्षय, आणि खाली सिकलसेल किंवा तीव्र रक्तक्षय यांसारखी सहायक स्थिती असे लिहिले गेले, तर ते प्रमाणपत्र वाचून तालुक्यातील आरोग्य अधिकाऱ्यास त्याच आठवड्यात त्या मुलाच्या शाळेतील इतर मुलांची, आणि क्षय असल्यास घरातील भावंडांची, तपासणी सुरू करता येते.